पदरात पडलेला सप्ता

सरपंच झालेल्या बाईला सगळ्यात जास्त काय मिळतं असं मला कुणी विचारलं, तर मी सांगेन, नारळ. शाळेचं स्नेहसंमेलन असो, पोलिओचा डोस असो, नाहीतर कुणाच्या पिठाच्या गिरणीचं उद्घाटन असो. सरपंचबाईंना पुढे बोलवायचं, खणावर नारळ ठेवून पदरात घालायचा, फोटो काढायचा. केज तालुक्यातल्या आमच्या लहानशा गावाची मी सरपंच होते तेव्हा घरात इतके नारळ साठले होते, की आमचे हे आल्यागेल्याला चहाआधी खोबऱ्याचा तुकडा द्यायचे. "खावा, सत्काराचं हाय," म्हणायचे.

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे पन्नाशी उलटली होती, पण आता सत्तरीच्या पलीकडून पाहिलं की ती बाई मला पोरच वाटते. खळ घातलेलं सुती लुगडं, चष्म्याला साखळी, आणि पर्समध्ये कायम एक भाषण. भाषणाचा विषय ठरलेला: गावं सप्त्यांवर आणि मंदिरांवर जो खर्च करतात तो रस्त्यापुलांवर केला तर कशी सुधारतील. कुठल्याही कार्यक्रमात ती हेच बोलायची. एकदा बारशात बोलली. सप्त्याच्या रीतीभाती तिला माहीत नव्हत्या, आणि माहीत नसल्याचा तिला मोठाच अभिमान होता.

पुलाचं मात्र तिचं खरं होतं. आमचं गाव नदीच्या अलीकडे आणि डांबरी सडक पलीकडे. नदी आठ महिने कोरडी. बकऱ्या चरतात, पोरं क्रिकेट खेळतात. पण खाली बंधारा झाल्यापासून पावसाळ्यात पाणी तुंबायचं आणि दसऱ्यापर्यंत गावाचा बाहेरचा रस्ताच बंद व्हायचा. गावातली शाळा सातवीपर्यंत. आठवी पलीकडच्या गावात. मुलगे टायरच्या ट्यूबवर बसून पार व्हायचे. मुली सातवीनंतर घरी बसायच्या, आणि घरी बसलेल्या मुलीचं काय करायचं याचं एकच उत्तर आमच्याकडे तयार असे.

पंचायतीत माझ्या जोडीला एक सदस्य होती, बौद्ध वस्तीतली. माझ्याहून वयानं लहान, पण बोलायला दुप्पट. तिची थोरली मुलगी तेव्हा सहावीत होती, आणि एवढी हुशार की गुरुजी गावाला गेले की तीच वर्ग घ्यायची. तिचा बाप वाईट नव्हता, नुसता घाबरट होता. त्याच्या बहिणीची पोर त्याच नदीत वाहून जाता जाता वाचली होती. "पूल झाला तर शाळा. न्हाई झाला तर सोयरीक बघनार. ट्यूबवर पोरगी बसवनार न्हाई," असं त्यानं सांगून टाकलं होतं. त्या माऊलीला मी शब्द दिला होता की पोरगी सातवी व्हायच्या आत पूल होईल. कशाच्या जोरावर दिला होता, देव जाणे. अर्ज करून माझ्या चपला झिजल्या होत्या, आणि बांधकामाचे साहेब मला "ताई, तुमचा पूल आराखड्यात हाय" एवढंच सांगून बाहेरच्या बाकड्यावर परत बसवायचे.

अशात शेजारच्या एका मोठ्या गावात गडाचा सप्ता झाला.

आमच्याकडे गड म्हटलं की किल्ला कुणाच्या मनात येत नाही. डोंगरावरचं संतांचं ठिकाण, त्याच्या गादीवरचे महाराज, आणि त्यांचा शब्द मानणारी शेकडो गावं, हा आमचा गड. वर्षातून एकदा गडाचा मोठा सप्ता कुठल्या तरी एका गावात भरतो. आठवडाभर अखंड नामस्मरण, रोज कीर्तन आणि येईल त्याला जेवण. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं की महाराज पुढच्या वर्षीच्या गावाला नारळ देतात. ज्याच्या पदरात नारळ, त्याच्या गावाला सप्ता. हे सगळ्या जिल्ह्यातल्या शेंबड्या पोराला माहीत होतं. मला नव्हतं.

काल्याला आजूबाजूच्या सगळ्या सरपंचांना पुढच्या रांगेत बसवलं होतं. त्या वर्षी दोन मोठ्या गावांनी नारळ मागितला होता. एका गावामागे एक पुढारी, दुसऱ्यामागे त्याच्या विरोधातला. दोघांची माणसं मांडवात समोरासमोर बसून एकमेकांकडे बघत होती. महाराज लाल फडक्यात बांधलेला नारळ हातात धरून उभे राहिले. सगळ्यांच्या नजरा त्या फडक्यावर. मी चष्मा पुसत होते.

"ते नदीकाठचं खालचं गाव हाय ना," महाराज माईकवर म्हणाले, "त्याच्या सरपंचबाई कुटं हायत?"

मी उठले. लुगडं सारखं केलं, फोटोवाल्याकडे तोंड केलं, सवयीनं पदर पसरला. नारळ पदरात पडला. 'खण द्यायचा राहिला वाटतं,' एवढं मनात आलं. मी मोठ्या मनानं ते पोटात घातलं आणि माईकमध्ये म्हणाले, "धन्यवाद, महाराज. हा माझा एकटीचा सत्कार नाही, साऱ्या गावाचा आहे."

मग जो जयघोष उठला, तो मी आयुष्यात ऐकला नव्हता. पायाखालची जमीन हलली. आणि ती चष्म्यावाली बाई, सांगायला मला अजून हसू येतं, चारी दिशांना वळून वळून नमस्कार करत राहिली.

जीपमध्ये आमचे हे सारखे त्या लाल फडक्याकडे बघत होते. युसूफ वडगाव मागे पडल्यावर म्हणाले, "काय घेतलंस त्ये कळालं का तुला?"

"नारळ."

"नारळ न्हवं गं बये. सप्ता घेतलास. गडाचा."

"मग परत देऊ."

"परत?" जीपच्या मागच्या बाकावरचा एक म्हातारा, ओळखीचा ना पाळखीचा, एकदम ओरडला. "बाई, पदरात पडलेलं लेकरू कुनी परत देतं का?"

मला वाटलं होतं, गाव मला दगड मारील. आमच्या गावात दुकानं दोन, त्यातलं एक बंद. पण आम्ही पोचायच्या आधी फोन पोचला होता. नदीच्या कोरड्या पात्रात अख्खं गाव हलगी घेऊन उभं होतं. ज्या म्हाताऱ्यांनी मला मत दिलं नव्हतं ते माझ्या पाया पडत होते आणि रडत होते. सात पिढ्यांत गावाला असा मान मिळाला नव्हता म्हणे. मी घरी येऊन दार लावून घेतलं.

सकाळी माझी मैत्रीण आली, तीच पंचायतीतली सदस्य. तिला हसू आवरत नव्हतं. "कावून घेतला वो बाई? तुमीच तर भाषन देत होत्या!"

"चुकून घेतला."

"बरं झालं. आमी देव सोडल्यालं लोक, आमाला सप्त्याचं काय सांगता. पन माजी पोर पुढल्या साली सातवी हुईल. तुमी आता वरीसभर भाकरीच्या मागं लागनार, मंग पुलाचं काय?"

म्हणून मी नारळ परत द्यायला गडावर गेले. तिथे मी आधी कधी पाय ठेवला नव्हता. घाट चढून वर गेले आणि भाषण पर्समध्येच राहिलं. मला वाटलं होतं एक देऊळ असेल आणि चार टाळकरी. तिथे मुलांचं वसतिगृह होतं, गाईंचा गोठा होता, डोंगराच्या उतारावर नजर पुरणार नाही अशी शेती होती, एकाच वेळी कितीही माणूस येऊन जेवेल असं स्वयंपाकघर होतं. सिरसाळ्याच्या बाजारातल्या व्यापाऱ्यांनी पाठवलेल्या तुरीच्या डाळीच्या पोत्यांची थप्पी छताला लागली होती. कुणी कुणाला हुकूम देत नव्हतं. सगळं आपोआप चालल्यासारखं चाललं होतं. आमच्या ग्रामपंचायतीत एक बल्ब बदलायला ठराव लागायचा.

महाराज ओसरीवर घोंगडीवर बसले होते. अंगात साधी बंडी, बाजूला फोन. भिंतीला टेकून, मांडी घालून, जी माणसं बसली होती त्यांना मी आजवर फक्त फलकांवर पाहिलं होतं. आणि सगळ्यात शेवटी, चपला काढून, उकिडवे बसलेले कोण? तर मला बाकड्यावर बसवणारे बांधकामाचे साहेब.

"महाराज," मी म्हणाले, "माझी चूक झाली. आमचं गाव लहान आहे. आणि मुख्य म्हणजे नदीला पूल नाही. एवढी माणसं येणार कशी? तेव्हा नारळ परत घ्यावा."

पूल मी सबब म्हणून सांगितला होता, मागणी म्हणून नव्हे, एवढी मी भोळी. महाराजांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भिंतीकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "पूल न्हाई म्हनत्यात बाई."

बस. एवढंच. भिंतीला टेकलेल्या, नारळासाठी झगडलेल्या दोन्ही पुढाऱ्यांनी एकदम साहेबांकडे पाहिलं. साहेब उकिडव्याचे उभे राहिले.

उतरताना आमचे हे म्हणाले, "तुज्या समद्या अर्जांपेक्षा ह्ये चार शब्द जड निगाले बघ."  मी मनात हिशोब करत उतरत होते. दोन वैरी गावांतलं भांडण एका नारळानं मिटलं होतं. लहान गावाला दिला म्हणून मोठ्यांपैकी कुणाचीच हार झाली नव्हती, उलट पुढच्या वर्षी आपला नंबर लागावा म्हणून दोघंही आता आमच्यासाठी राबणार होते. आणि मी समजत होते की तो माणूस फक्त टाळ वाजवतो.

आठवड्याभरात मोजणीवाले आले. वस्तीच्या कडेला विजेची नवी डीपी आली. जुनी जळून गेल्यापासून तिथे कंदीलच जळत होते. आराखड्यातला पूल आराखड्यातून बाहेर पडला. साहेब मला आता "सरपंचसाहेब" म्हणू लागले. पण माझ्या मैत्रिणीची नजर तीक्ष्ण. दसऱ्यानंतर पात्र कोरडं पडल्यावर ती एका दुपारी मला हाताला धरून नदीत घेऊन गेली. तिथे सिमेंटच्या नळ्या आडव्या टाकून वर मुरूम लोटायचं काम चाललं होतं.

"ह्यो काय पूल हाय व्हय?" ती म्हणाली. "पयल्या पुराला जाईल वाहून."

साहेबांना विचारलं. ते हसून म्हणाले, "सप्ता चैत्रात आहे ना? सप्त्यापुरता लई मजबूत आहे."

सप्त्यापुरता! महाराजांचा रथ जाईल, मंत्र्यांच्या गाड्या जातील, आणि आषाढात मैत्रिणीची मुलगी पुन्हा काठावर उभी राहील. मैत्रिणीनं मूठभर मुरूम उचलला आणि नुसत्या बोटांनी चुरडून खाली सोडला. 

मी पर्समधलं भाषण काढलं आणि चुलीत घातलं. आता भाषणाचं काम नव्हतं.

सप्त्याची भाकरी एका गावात होत नाही. पंचक्रोशीतल्या गावांना वाटून दिलेली असते. अमक्या दिवशी अमक्या गावानं घरटी भाकरी करायच्या आणि ट्रॅक्टरनं पाठवायच्या. त्यासाठी गावोगाव बायकांच्या बैठका होत होत्या, आणि यजमान गावची सरपंच म्हणून मला सगळीकडे मान होता. मी डोक्यावर पदर घेतला, आयुष्यात पहिल्यांदा नीट, आणि प्रत्येक बैठकीत उठता उठता, सहज, चिंता वाटल्यासारखं म्हणायला लागले, "बाकी सगळं झालं गं बायांनो. फक्त महाराजांचा रथ त्या मुरमावरून जायचा, तेवढी भीती वाटते."

"कसला मुरूम?" कुणीतरी विचारायचीच.

"नळ्यांवर लोटलाय. साहेब म्हणतात, सप्त्यापुरता टिकेल. टिकेलच. आपण चांगलंच बोलावं."

बस. मीही चार शब्दांचं काम शिकले होते.

भाकरी थापणाऱ्या बायकांच्या तोंडून निघालेली बातमी किती वेगानं जाते ते मला ठाऊक होतं. पण ती डोंगर कसा चढते ते ठाऊक नव्हतं. एका सकाळी धूळ उडवत एक गाडी आली आणि पात्राच्या कडेला थांबली. महाराज उतरले.  थेट पात्रात गेले, नळ्यांवरच्या मुरमात काठी खुपसली. काठी सहज आत गेली. मग तिथल्याच एका खडकावर बसले.

बातमी फुटली. दुपारपर्यंत दोन्ही पुढारी आले, साहेब आले, साहेबांचे साहेब आले. सगळे उन्हात उभे. पात्राच्या दोन्ही काठांवर माणसं दाटली. त्यांत मैत्रीण आणि तिचा नवराही होता.

"महाराज, सावलीत चला," एक पुढारी म्हणाला.

"बसू द्या. लई छान वाटतंय." महाराजांनी काठीनं वाळूत रेघ ओढली. "मी काय रथात बसत न्हाई. सप्त्याला चालत यीन. पानी असलं तर पोहून यीन. लेकरांला बी तसंच जावं लागतं म्हनं."

हे शेवटचं त्यांना कुणी सांगितलं, मला आजही माहीत नाही. मी तर लेकरांचं नाव काढलं नव्हतं. मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती आभाळाकडे बघत होती. देव सोडलेली ती बाई गडावर कधी जाऊन आली, हे तिनं मला आजतागायत सांगितलेलं नाही. विचारलं की म्हणते, "म्या कशाला जाऊ? मला काय काम?"

दुसऱ्याच दिवशी नळ्या निघाल्या. मग सळया आल्या, खडी आली, मिक्सर आले. वस्तीतल्या आणि गावातल्या गड्यांना महिनोन्‌महिने काम मिळालं. मुलीचा बापही पायाच्या खड्ड्यात उतरून काँक्रीट ओतत होता, आणि प्रत्येक घमेलं आपल्या डोळ्यांनी तपासून घेत होता. मुकादम वैतागला होता.

चैत्रात सप्ता झाला. काय सांगू! ज्वारी निघालेल्या रानांचे बांध शेतकऱ्यांनी आपल्या हातानं मोडले. ज्या बांधांवरून भाऊ भाऊ कोर्टात गेले होते तेही मोडले. नुसतं मैदान, क्षितिजापर्यंत. जमिनीत खणलेल्या लांबच लांब चुली, त्यांवर कढया, आणि आमटी वाढायला पाण्याचे टँकर, नळीला तोटी लावून. पुलावरून ट्रॅक्टरामागून ट्रॅक्टर यायचे, पांढऱ्या धोतरांनी झाकलेले. धोतर उचललं की आत भाकरीच भाकरी, अजून ऊन. हजारो घरांत, हजारो तव्यांवर, पहाटेपासून थापलेल्या. कुणाच्या जाड, कुणाच्या पातळ, कुणाची कड करपलेली. सगळ्या एकाच ढिगात. जेवायला बसलेल्या माणसांत कलेक्टर कोण आणि मेंढपाळ कोण ओळखू येत नव्हतं. सगळे मातीत बसलेले. वाढपी पळत होते, आणि एवढ्या गर्दीत कुणी उपाशी उठलं नाही, कुणी चेंगरलं नाही. माझ्या गावात रेशनच्या रांगेत मारामारी व्हायची.

मी एका कडेला उभी राहून बघत होते. मला कुणी काम सांगितलं नव्हतं, कुणाला माझी गरजही नव्हती. खर्चाविरुद्ध मी जन्मभर बोलले होते. पण हे पैशातलं नव्हतंच. एवढी माणसं एका इशाऱ्यावर एवढं करू शकतात, हे मी पाहत होते. वाटत होतं त्याला कौतुक म्हणावं की भीती, कळेना.

भीतीही होती, ते काल्याच्या दिवशी कळलं. कीर्तनाच्या शेवटी महाराज म्हणाले, "पूल झाला. ज्यानं मनावर घेतलं त्याला इसरू नका." आणि दोन पुढाऱ्यांपैकी एकाच्या गळ्यात स्वतःच्या गळ्यातला हार घातला. त्यांनी कुणाला मत द्या म्हटलं नाही. पण मी त्या मैदानाकडे बघत होते. वारा आल्यावर उभं पीक एका बाजूला कलतं तसं ते सगळं मैदान कललं. दुसऱ्या पुढाऱ्याचा चेहरा पांढरा पडला. निवडणूक पुढे कधीतरी झाली. निकाल मी त्या दुपारीच पाहिला होता.

पंचायतीची निवडणूकही आली. गडाच्या भक्तांचं पॅनल उभं राहिलं आणि मी सपाटून पडले. पुलाच्या पाटीवर माझं नाव नाही. गावात कुणी विचारलं तर सांगतात, महाराजांचा पूल. मैत्रीण मात्र निवडून आली. "तुमी कावून पडल्या आन म्या कावून निवडून आले, इचार करा," असं ती मला अजून डिवचते.

पण हे नंतरचं. त्याआधी त्या वर्षीचा पावसाळा यायचा होता. मुलगी सातवी पास झाली होती. वह्या आणल्या होत्या. बाप म्हणत होता, "पानी यिऊ द्या. पूल उनात समदेच टिकत्यात."

पाणी आलं. बंधारा तुंबला, जुनी वाट बुडाली, गढूळ लोट दोन्ही काठांना घासत आला. सकाळी गाव पुलाजवळ जमलं. मीही गेले. शेजारी मैत्रीण उभी होती, माझं मनगट घट्ट धरून. पाणी खांबांना आपटून फेस काढत होतं.

बाप एकटाच पुलावर चढला. छत्री न घेता. मधोमध जाऊन थांबला, कठड्यावरून वाकून खाली पाहिलं. मग पाय आपटला. पुन्हा आपटला. पलीकडे सडकेपर्यंत गेला आणि तसाच, एकेक पाऊल दाबत, परत आला. आपणच ओतलेल्या काँक्रीटवर त्याचा विश्वास नव्हता, की होता, ते त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं. त्यानं काठावर येऊन अंगरख्यानं तोंड पुसलं आणि पोरीला शोधायला मान वळवली.

"जा," तो म्हणाला.

पण ती कधीच त्याच्या बगलेतून निसटून निम्म्या पुलावर पोचली होती.